काकांनी इलेक्ट्रिक गाडी बदलली, हिशेब आमच्या घरी आला

(हे या भागाचं लेखी रूप आहे. बोललेलं बहुतेक तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.)

 

आज गाड्यांवर बोलायचंय. पण हा रिव्ह्यू नाही हं. कोणती गाडी शून्य ते शंभर किती सेकंदात जाते, हे सांगणारे यूट्यूबवर पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते लोक गाडीचा ब्रँड का बदलतात यावर. आणि तेसुद्धा ज्यांच्याकडे पैसा आहे ते लोक.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर स्कूटीच्या पेट्रोलचे वांधे आहेत, श्रीमंतांच्या आवडीनिवडीचं आम्हाला काय? मलाही तसंच वाटायचं. मागच्या दिवाळीपर्यंत.

झालं असं. माझे मोठे काका वर्ध्याला डॉक्टर आहेत. २०२१ मध्ये त्यांनी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आजचा मुद्दा तो नाही. तेव्हा हिरवी नंबर प्लेट म्हणजे गावात कौतुक. आर्वी नाक्यावर सिग्नलला थांबले की बाजूचा बाइकवाला काच वाजवून विचारायचा, "भाऊ, एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?" काका खूश व्हायचे.

दिवाळीत आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो होतो. फराळ झाल्यावर काका माझ्या बाबांना म्हणाले, "मी नवीन गाडी बुक केली. जुनी घेते का तू? शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये सहा लाख देऊन रायला. तुला त्याच भावात देतो."

बाबा आर्वीला शाळेत शिक्षक आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "दादा, गाडीत काही बिघाड आहे का?"

काका हसले. "बिघाड काही नाही रे. गाडी चांगली आहे. पण आता हिच्याकडे कोणी पाहून नाही रायलं."

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. बदलली होती ती नजर. आणि त्या बदललेल्या नजरेचा हिशेब सहा लाख रुपयांच्या रूपात आमच्या घरी आला होता.

पहिली लाट: "टाटाची आहे ना? मग घे"

थोडं मागे जाऊया. जानेवारी २०२०. एकाच महिन्यात दोन इलेक्ट्रिक एसयूव्ही बाजारात आल्या. एक एमजीची झेडएस ईव्ही, किंमत सुरू होते जवळपास एकवीस लाखांपासून. दुसरी टाटाची नेक्सॉन ईव्ही, जवळपास चौदा लाखांपासून. त्याच्या आधी २०१९ मध्ये ह्युंदाईची कोना आली होती, पंचवीस लाखांच्या वर. त्याही आधी बंगळुरूची छोटीशी रेवा होती, जी पुढे महिंद्राने घेतली. पण आपल्याकडे रेवा लोकांनी फोटोतच जास्त पाहिली.

जिंकली ती नेक्सॉन. का? स्वस्त होती, हे एक. पण वर्ध्यासारख्या ठिकाणी दुसरं कारणही तेवढंच मोठं होतं. भरवसा. पेट्रोल-डिझेलची नेक्सॉन लोकांच्या दारात आधीच उभी होती. २०१८ च्या शेवटी तिला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळाले होते. गाडी बनते पुण्याजवळ रांजणगावला. आणि टाटा हे नाव घरातल्या मिठापासून सगळ्यांच्या ओळखीचं.

इलेक्ट्रिक गाडी कशी चालते, बॅटरी किती टिकते, कोणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो? ओळखीच्या नावाचा हात धरतो. डॉक्टर मंडळी, सावंगी आणि सेवाग्रामचे प्राध्यापक, हिंगणघाटचे जिनिंगवाले, हे लोक काही नवी टेक्नॉलॉजी घेत नव्हते. ते जुन्या भरवशावर नवी टेक्नॉलॉजी घेत होते. दोन्हीत फरक आहे.

अजून एक गोष्ट. ही गाडी आधी बंगल्यात का आली आणि फ्लॅटमध्ये का नाही? कारण बंगल्याला स्वतःचं पोर्च असतं, स्वतःचं मीटर असतं, वर स्वतःचं छत असतं. पोर्चमध्ये पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवला, रात्री गाडी लावली, सकाळी फुल. छतावर सोलर टाकलं तर आणखी मजा. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅट आणि त्याच्या वरच्या घरगुती सोलरला ७८ हजारांपर्यंत सबसिडी. म्हणजे ज्याच्याकडे छत त्याची गाडी स्वस्तात पळते. ज्याच्याकडे सोसायटीचं कॉमन पार्किंग, त्याने आधी सेक्रेटरीला पटवायचं.

तर या पहिल्या लाटेत टाटांचा हिस्सा किती होता माहितीये? २०२२-२३ मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा इलेक्ट्रिक कारपैकी आठ त्यांच्या. दहापैकी आठ! म्हणजे तेव्हा 'इलेक्ट्रिक कार' आणि 'टाटा' हे जवळपास एकच.

दुसरी लाट: मागची सीट आणि भाड्याची बॅटरी

आता २०२४ च्या सप्टेंबरमध्ये या. एमजीने विंडसर नावाची गाडी आणली. सुरुवातीची किंमत ९ लाख ९९ हजार. लोक म्हणाले, आँ? एवढी मोठी गाडी दहा लाखांत?

गंमत त्यात होती. त्या किमतीत बॅटरी धरलेली नव्हती. बॅटरी भाड्याने. जेवढी गाडी चालवाल तेवढे पैसे, तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट घ्यायची तर साडेतेरा लाखांपासून.

ही भानगड समजून घ्या, कारण पुढे कामाला येईल. महिन्याला हजार किलोमीटर चालवलीत तर बॅटरीचं भाडं साडेतीन हजार. वर वीज वेगळी, साधारण दीड-दोन रुपये किलोमीटर. म्हणजे झाले पाच-साडेपाच रुपये. पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा देत असेल, तर सातच्या आसपास पडते. फायदा आहे, पण जाहिरातीतला 'एक रुपयात किलोमीटर' तो हा नव्हे. आपली जुनी म्हण आहे ना, हत्ती घेता येतो, पोसता येत नाही. इथे हत्ती स्वस्तात दिलाय आणि चाऱ्याचं बिल किलोमीटरवर लावलंय.

पण लोकांनी गाडी घेतली. खूप घेतली. कितीतरी महिने देशातली सगळ्यात जास्त विकली जाणारी इलेक्ट्रिक कार ती होती. आणि माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांनी बॅटरी भाड्याने न घेता पूर्ण पैसे मोजून घेतली. मग कारण काय होतं? मागची सीट! मागे पाय पसरून बसता येतं, सीट सोफ्यासारखी मागे रेलते. ज्या घरात आजी-आजोबा मागे बसतात, त्या घरात हा मुद्दा रेंजपेक्षा मोठा निघाला.

आता ब्रँडची ओळख बघा. एमजी हे नाव मूळ इंग्रजांचं. मालकी आली चीनच्या साइक कंपनीकडे. २०२३ च्या शेवटी जिंदालांच्या जेएसडब्ल्यूने भारतातल्या कंपनीत ३५ टक्के हिस्सा घ्यायचा करार केला. गाडी बनते गुजरातेत हालोलला. आमच्या एका मामांनी विंडसर घेतली, तेव्हा आजोबांनी विचारलं, "ही कोणाची रे? इंग्रजांची, चिन्यांची का जिंदालची?" मामा म्हणाले, "बाबा, बसून पाहा." आजोबा बसले आणि मग काही बोलले नाहीत.

पहिल्या लाटेत 'कोणाची' हा प्रश्न सगळ्यात आधी होता. दुसऱ्या लाटेत तो प्रश्न मागच्या सीटवर बसून गप्प झाला. का? कारण मधल्या चार-पाच वर्षांत लोकांची इलेक्ट्रिकची भीतीच गेली होती. शेजारच्यांची गाडी चार वर्षं चालली, बॅटरीचा स्फोट झाला नाही, पावसात शॉक लागला नाही. भीती गेली की ओळखीच्या नावाची गरज कमी होते आणि आवड बोलायला लागते.

तिसरी लाट: तीन स्क्रीन

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्राने दोन गाड्या दाखवल्या. एकीचं नाव एक्सईव्ही नाइन ई. दुसरीचं आधी 'बीई सिक्स ई' होतं, पण इंडिगो विमान कंपनीने त्या नावावर कोर्टात हरकत घेतली, म्हणून मग 'बीई सिक्स' झालं. बनतात कुठे? चाकणला. म्हणजे रांजणगाव आणि चाकण, ही सगळी मारामारी एका पुणे जिल्ह्यातच चालू आहे.

१४ फेब्रुवारी २०२५ ला बुकिंग उघडलं. पहिल्याच दिवशी ३० हजार १७९. आणि मला सगळ्यात बोलका वाटला तो दुसरा आकडा. बुकिंग करणाऱ्यांपैकी ७३ टक्के लोकांनी सगळ्यात वरचं मॉडेल निवडलं. स्वस्तातलं नाही, मधलं नाही, वरचं. तीस लाखांच्या आसपासचं.

हा आकडा काय सांगतो? इथे गाडी पेट्रोल वाचवायला घेतलेली नाही. पेट्रोल वाचवणारा माणूस तीन स्क्रीनचे जास्तीचे पैसे देत नाही. डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन स्क्रीन, वर काचेचं छत, रात्री चमकणारे दिवे. काकांनी बुक केली ती अशीच एक. काकू म्हणाल्या, "दवाखान्यापासून घर तीन किलोमीटर, आणि स्क्रीन तीन. किलोमीटरला एक."

मग टाटांनीही मोठी गाडी आणली, जून २०२५ मध्ये हॅरियर ईव्ही, साडेएकवीस लाखांपासून. जानेवारी २०२५ मध्ये ह्युंदाईची क्रेटा इलेक्ट्रिक आली होती, अठरा लाखांपासून. पाच स्टारच्या सुरक्षेचं म्हणाल तर तेही आता एकट्याचं राहिलेलं नाही, महिंद्राच्या दोन्ही गाड्यांना भारत एनकॅपचे पाच स्टार आहेत.

परिणाम? २०२४-२५ या वर्षात देशात एक लाख सात हजारांच्या वर इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या. त्यात टाटांचा हिस्सा निम्म्याहून जरासा जास्त. आणि २०२५ च्या मध्यापर्यंत तो चाळीस टक्क्यांच्या आसपास आला. दहातले आठ, मग पाच, मग चार. गाड्या वाईट झाल्या म्हणून नाही. निवडायला शेजारी दुसरं काहीतरी उभं राहिलं म्हणून.

बीकेसी ते कॅलिफोर्निया

असं फक्त आपल्याकडे होतंय का? नाही.

टेस्ला घ्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणजे टेस्लाचं माहेर. तिथल्या श्रीमंत वस्त्यांमध्ये एकेकाळी टेस्ला दारात असणं म्हणजे 'आम्ही हुशार आहोत, पर्यावरणाचा विचार करतो' अशी पाटी लावण्यासारखं होतं. २०२३ मध्ये तिथे विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी दहातल्या सहा टेस्ला होत्या. २०२४ मध्ये हे प्रमाण निम्म्याच्या थोडंसंच वर उरलं. एक कारण म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या चांगल्या गाड्या आल्या. दुसरं म्हणजे इलॉन मस्क राजकारणात उतरला. लोकांनी गाडीच्या मागे स्टिकर लावले, की आम्ही ही गाडी याचं डोकं फिरायच्या आधी घेतली होती! विचार करा, ज्या लोगोसाठी लोकांनी रांगा लावल्या, त्याच लोगोबद्दल खुलासा द्यायची वेळ आली. युरोपातही एप्रिल २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीने महिन्याच्या विक्रीत टेस्लाला पहिल्यांदा मागे टाकलं.

आपल्याकडे टेस्ला आली १५ जुलै २०२५ ला, मुंबईत बीकेसीला. मॉडेल वाय, किंमत साठ लाखांच्या घरात, कारण गाडी बाहेरून येते आणि आयात शुल्क भरमसाट. पहिली गाडी घेतली आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी. नाव मोठं, फोटो मोठे. पण त्याच वर्षी देशात पैसेवाल्यांची खरी गर्दी होती ती चाकण, रांजणगाव आणि हालोलच्या गाड्यांसाठी.

मला यातून एक गोष्ट कळली. श्रीमंत माणूस ब्रँडशी लग्न करत नाही. तो काही वर्षं बरोबर फिरतो, मग पुढे जातो. त्यात चूक काही नाही, त्याचा पैसा, त्याची हौस. पण त्याने सोडलेली गाडी कुठे जाते? ती हवेत विरत नाही. ती आर्वीला येते. पुलगावला येते, कारंज्याला येते. म्हणजे तुमच्या-माझ्याकडे येते.

'आयुष्यभर' म्हणजे कोणाचं आयुष्य?

आता जरा कान देऊन ऐका. चालता चालता ऐकत असाल तर हा भाग घरी जाऊन परत वाचा.

२०२४-२५ मध्ये कंपन्यांनी एक नवीन हत्यार काढलं. बॅटरीला 'लाइफटाइम वॉरंटी'. विंडसरला आहे, महिंद्राच्या नव्या गाड्यांना आहे, टाटांच्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना आहे. ऐकायला झकास. आधी बहुतेक ठिकाणी आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असं असायचं. आता डायरेक्ट आयुष्यभर!

पण बारीक अक्षरं वाचा. आयुष्यभर म्हणजे पहिल्या मालकासाठी. टाटांच्या कागदात तर 'लाइफटाइम' म्हणजे पहिल्या नोंदणीपासून पंधरा वर्षं, असं स्पष्ट लिहिलंय. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की 'आयुष्यभर' संपतं आणि ठरावीक वर्षं, ठरावीक किलोमीटर अशी मर्यादा लागते.

म्हणजे काय झालं? नव्या गाडीतली सगळ्यात मोठी खात्री ही पहिल्या मालकाबरोबर पोर्चमध्येच राहते. दुसऱ्याकडे गाडी येते, खात्री अर्धवट येते. आणि इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग वस्तू कोणती? बॅटरी. वॉरंटीबाहेर गेली तर खर्च काही लाखांत.

पेट्रोलच्या जुन्या गाडीचं आपल्याला कळतं. धूर पाहतो, आवाज ऐकतो, ओळखीचा मिस्त्री घेऊन जातो, तो बोनेट उघडून 'भाऊ, घेऊ नका' म्हणतो. इलेक्ट्रिकमध्ये मिस्त्रीने बोनेट उघडून काय पाहायचं? सगळं सीलबंद डब्यात. तिथे गाडीची तब्येत सांगतो तो कॉम्प्युटर, आणि तो कॉम्प्युटर असतो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. म्हणून मी म्हणते, छोट्या गावात ब्रँड म्हणजे लोगो नाही. ब्रँड म्हणजे वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे.

आर्वीचा हिशेब

तर परत आमच्या घरी.

बाबांनी लगेच होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी वही काढली. मास्तर आहेत ना!

आर्वीहून वर्धा पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आजीला दाखवायला महिन्यातून चार-पाच चकरा होतातच. शाळेत जाणं-येणं, बाजार, नातेवाईक. सगळं मिळून महिन्याला बाराशे किलोमीटर. आमची जुनी पेट्रोल गाडी किलोमीटरला सात रुपये खाते, म्हणजे आठ हजार चारशे. इलेक्ट्रिक एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरली, तर लागतात १८५ युनिट. घरगुती बिलात युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो, म्हणून बाबांनी दर जास्तीचाच धरला, बारा रुपये. झाले सव्वादोन हजार. महिन्याला सहा हजार वाचतात. वर्षाला बहात्तर हजार.

मी म्हटलं, "बाबा, मग घेऊन टाका!"

ते म्हणाले, "थांब बाई. हे चांगल्या दिवसाचं गणित झालं. आता वाईट दिवसाचं करू."

वाईट दिवस म्हणजे मे महिना. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एसी फुल. कंपनीने कागदावर सांगितलेली रेंज तीनशेच्या वर. काकांना पहिल्या वर्षी मिळायची दोनशे-सव्वादोनशे, कारण कागदावरची रेंज चाचणीतली असते, रस्त्यावरची वेगळी. चार वर्षांनी काका सांगत होते एकशे ऐंशी. मेमध्ये एसी लावून धरा दीडशे. वर्धा जाऊन-येऊन एकशे दहा. बसतं. पण रात्री लाईट गेली असेल आणि गाडी अर्धीच चार्ज असेल तर? नाही बसत. जाताना पोचू, येताना वर्ध्याला चार्जिंगला थांबू, आणि आजी गाडीत बसलेली असेल.

बाबांनी त्या पानावर खाली लिहिलं, 'आजी थांबू शकते का?' आणि त्याच्या खाली रेघ मारली.

मला तेव्हा कळलं की काका आणि बाबा एकाच गाडीकडे बघत होते, पण प्रश्न वेगळे होते. काकांचा प्रश्न: ही अजून नवी वाटते का? बाबांचा प्रश्न: ही आजीला परत घेऊन येईल का?

शेवटी काय केलं ते सांगते. आम्ही आधी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली आणि बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट मागितला. सगळी सर्व्हिस हिस्टरी काढली. मग बाबा एका रविवारी काकांना बाजूला बसवून, एसी लावून, आर्वी ते वर्धा आणि परत असं स्वतः चालवून आले. किती टक्के खर्च झाले ते वहीत. वॉरंटीची आठपैकी चार वर्षं शिल्लक होती. ती आमच्या नावावर येते का, हे तोंडी न विचारता ईमेलवर विचारलं आणि उत्तर छापून फाइलला लावलं.

मग बाबा काकांना म्हणाले, "दादा, गाडी घेतो. पण शोरूमचा भाव तुमच्यासाठी. ते तुम्हाला नवीन गाडी विकून रायले, म्हणून सहा देतात. मला पाच." काका आधी गप्प झाले. मग काकू आतून म्हणाल्या, "द्या हो, त्याच घरात तर राहणार आहे." सव्वापाचला ठरलं.

आणि जुनी पेट्रोल गाडी विकली नाही. पोर्चच्या कडेला उभी आहे, आजीच्या रात्रीबेरात्रीच्या फेरीसाठी. बाबा म्हणतात, एक वर्ष मे काढून पाहू, मग बोलू.

तुमच्या घरी अशी गाडी आली तर

जाता जाता कामाच्या गोष्टी.

पहिली. तुमच्या जिल्ह्यात कोणत्या कंपनीच्या किती गाड्यांची नोंदणी झाली, हे परिवहन खात्याच्या 'वाहन' डॅशबोर्डवर मोबाइलवरच दिसतं. राज्य महाराष्ट्र, आरटीओ वर्धा म्हणजे आपलं एमएच-३२, एका बाजूला कंपनी आणि दुसऱ्या बाजूला इंधन निवडा. ज्या ब्रँडच्या गाड्या तुमच्या भागात जास्त, त्याचं वर्कशॉप टिकायची शक्यता जास्त. ज्याच्या मोजक्याच, तिथे जपून.

दुसरी. बॅटरीचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. आणि मीटरवर दिसणाऱ्या रेंजवर भरवसा ठेवू नका, स्वतः तुमच्या रोजच्या रस्त्यावर चालवा.

तिसरी. बॅटरी भाड्याची आहे का, हे आधी विचारा. असेल तर तो करार कोणाकडे जातो, उरलेलं कोण भरणार, हे कागदावर.

चौथी. कागदपत्रं. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेकडून फॉर्म ३५. इन्शुरन्सही स्वतःच्या नावावर करून घ्या. घरचीच गाडी आहे म्हणून हे सोडू नका. घरच्याच व्यवहारात कागद जास्त लागतात!

पाचवी. टोल. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. नागपूर-मुंबई कारचा टोल चौदाशेच्या वर जातो, म्हणजे मोठी बचत आहे. पण येळाकेळीला चढलात आणि एकशेवीसच्या स्पीडने निघालात, तर बॅटरी अशी उतरते की टोलचे वाचलेले पैसे चार्जिंगच्या रांगेत चहा पिण्यात जातात. ऐंशी-नव्वदने चला. समृद्धी कुठे पळून जात नाही.

आणि शेवटचं. मित्राच्या, काकांच्या, इन्स्टाच्या नजरेने गाडी बघू नका. त्यांची नजर बदलते. मागच्या पाच वर्षांत तीनदा बदलली, आपण आत्ताच पाहिलं. आज जी गाडी सगळ्यात भारी, तिच्याकडे २०३० मध्ये कोणी पाहणार नाही. तेव्हा तीही कोणाच्या तरी दिवाळीच्या फराळानंतर पुढे सरकवली जाईल. तेव्हा तिच्यासमोर वही घेऊन बसलेलं कोणीतरी असेल. कदाचित तुम्ही असाल.

काका परवा नवी गाडी घेऊन आर्वीला आले होते. तिन्ही स्क्रीन चालू. गल्लीतली पोरं सगळी तिच्याभोवती. आजीला म्हणाले, "आई, चल, चक्कर मारून आणतो." आजी बसली, काचेच्या छताकडे बघितलं, आणि म्हणाली, "ऊन लागते रे बाबू."

चला, आज एवढंच. तुमच्या घरी गाडीचा ब्रँड कोण ठरवतं, बाबा, आई, का यूट्यूब, हे व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवते. तोपर्यंत गाडी चार्ज, फोन चार्ज आणि डोकं थंड ठेवा. भेटूया!